कंत्राटदाराचा पैसा अडकतो कुठे? वालचंदांच्या कंपनीची शंभर वर्षं

मुंबई-पुणे रेल्वे बोरघाटातून वर चढवण्याचं कंत्राट १८५९ साली एका विधवेच्या हाती आलं. पहिला कंत्राटदार होता विल्यम फेव्हिएल. मजुरी थकल्यावरून त्या वर्षाच्या सुरुवातीलाच घाटात दंगल झाली आणि थोड्याच दिवसांत फेव्हिएलनं काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून बायकोसह आला आणि काही आठवड्यांतच आजारपणात वारला. त्याची बायको अ‍ॅलिस मात्र कंत्राट टाकून परत गेली नाही. तिनं जाणकार माणसं व्यवस्थापक म्हणून नेमली, काम चालू ठेवलं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली.

या एका प्रकरणात बांधकाम कंत्राटाचा निम्मा धडा आहे. मोठं काम अडतं ते बहुतेक वेळा खडकापाशी नव्हे, मजुरीच्या वारापाशी, म्हणजे आठवड्याचा पगार द्यायच्या दिवशी. आणि मालक मेला, पळाला किंवा बुडाला तरी जोखीम कुणीतरी अंगावर घ्यावी लागते. बऱ्याचदा ते कुणीतरी घरचंच असतं.

साठ-सत्तर वर्षांनी याच घाटात पुन्हा काम निघालं. जुन्या मार्गावर खंडाळ्याजवळ गाडीला थांबून उलट दिशेनं निघावं लागे. तो फेरा काढून टाकायला १९२०च्या दशकात नवे बोगदे खोदायचं ठरलं. या वेळी कंत्राट गेलं सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींकडे.

वालचंदांचा जन्म १८८२ चा. घरचा धंदा सावकारी आणि कापसाच्या व्यापाराचा. त्यात त्यांचं मन रमेना. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारी केली. सुरुवातीचं काम बार्शी लाइट रेल्वेचं, येडशी ते तडवळे या तुकड्याचं. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी आता गेली, मार्ग ब्रॉडगेज झाला, पण महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या उद्योगसमूहाचा पाया तिथल्या मातीकामात आहे.

या भागीदारीकडे जरा नीट बघा. फाटकांना रेल्वेचे नियम, साहेब, दरपत्रक, बिल कसं काढायचं आणि कुठे अडतं हे सगळं ठाऊक होतं. वालचंदांच्या मागे भांडवल आणि पत होती. एकाला कागद कळत होता, दुसऱ्याला पैसा. तालुक्याच्या गावातली आजची कंत्राटदार फर्म काढून पाहिली तरी बहुधा हीच जोडी सापडते: एखादा निवृत्त उपअभियंता किंवा ओव्हरसिअर आणि ज्याची जमीन, दुकान किंवा अडत आहे असा दुसरा.

पैसा इतका का लागतो, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सरकार पैसे देतं आणि कंत्राटदार काम करतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. कंत्राटदार आधी स्वतःच्या पैशानं काम करतो आणि सरकार नंतर ते मोजून पैसे देतं. समजा १०० कोटींचं, दोन वर्षांत संपवायचं काम आहे. निविदा भरतानाच बयाणा रक्कम अडकते. काम मिळालं की सुरक्षा अनामत किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते. गॅरंटी म्हणजे ‘कंत्राटदार चुकला तर पैसे आम्ही देऊ’ असं बँकेचं नुसतं पत्र, पण ते देताना बँक कंत्राटदाराकडून काही रक्कम ठेव म्हणून ठेवून घेते, कमिशन घेते आणि बाकीच्यासाठी घर, जमीन, जे असेल ते तारण मागते. मोठ्या कामात यंत्रसामग्री उभी करायला काही उचल मिळते, पण ती पुढच्या बिलांतून कापून घेतली जाते, अनेकदा व्याजासकट.

मग काम सुरू. महिन्याला साधारण चार कोटींचं काम होतं. सिमेंटवाला, सळईवाला, डिझेलवाला थोडे दिवस थांबतो. मजूर थांबत नाही, त्याचा वार आठवड्याचा. महिनाअखेरीला बिल लावायचं, तर आधी मोजमापं हवीत.

हे मोजमाप प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. मेजरमेंट बुक, सगळ्यांच्या तोंडी एम.बी., ही पानांना छापील क्रमांक असलेली वही. कनिष्ठ अभियंता टेप लावून लांबी, रुंदी, खोली त्यात लिहितो. एखादा आकडा चुकला तर खोडरबर चालत नाही. रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. पान फाडायचं नाही. उपअभियंता काही टक्के मोजमापं पुन्हा तपासतो, नंतर बिल विभागीय कार्यालयात, तिथे लेखा शाखा, मग कार्यकारी अभियंता, आणि मग ‘निधी उपलब्ध झाल्यावर’. पायात भरलेलं काँक्रीट मातीखाली गेल्यावर ते एम.बी.त जेवढं लिहिलंय तेवढंच खरं. म्हणून झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी मोजून घेण्यासाठी कंत्राटदाराचा माणूस साहेबाच्या मागे-मागे फिरत असतो. आता बऱ्याच खात्यांत ही वही संगणकावर गेली आहे, मागे फिरणं मात्र सुटलेलं नाही.

बिल लागल्यापासून पैसे हातात यायला दोन-अडीच महिने गेले, तर कुठल्याही क्षणी आठ-दहा कोटी बाहेर असतात. त्यात प्रत्येक बिलातून पाच टक्के राखून ठेवले जातात. काम संपून दोषदायित्वाची मुदत, म्हणजे दोष निघाला तर कंत्राटदारानंच दुरुस्त करून द्यायचा काळ, सरेपर्यंत ते सुटत नाहीत. म्हणजे आणखी पाच कोटी. आता नफा धरा: सगळं सुरळीत झालं तर आठ-दहा टक्के, म्हणजे आठ-दहा कोटी. काम पूर्ण झालं तरी कंत्राटदाराचा सगळा नफा आणि वर थोडं घरचं असं सरकारदरबारी पडून असतं. वेळ लागला की व्याज त्या नफ्यातूनच जातं.

त्यात निविदा ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दरानं, भरायची चढाओढ. अंदाजपत्रकातल्या दरांत कंत्राटदाराच्या नफ्यासाठी बहुधा दहा टक्के धरलेले असतात आणि लोक पंधरा-वीस टक्के बिलो जातात. हे गणित जुळतं कसं, असं विचारलं तर उत्तर गालातल्या गालात मिळतं. काही जण खरोखर स्वस्तात काम करू शकतात: स्वतःची खाण, स्वतःचा क्रशर, स्वतःचे डंपर. बाकीच्यांचा भरवसा मूळ निविदेत नसलेल्या जादा बाबींवर आणि भाववाढीच्या कलमावर. काहींचा दर्जा कमी करण्यावर, हे उघड गुपित.

थोडक्यात, कंत्राटदार हा ग्राहकाला उधारी देणारा माणूस आहे, आणि ही उधारी देण्याची ताकद पूर्वीच्या काळी एकत्र कुटुंबाकडे असे. बँका नव्या माणसाला दारात उभं करत नसत. सोलापूरच्या सावकारी घराच्या नावावर पैसा उभा राहत होता. शिवाय साइट पन्नास मैलांवर असली की तिथे पैशाला शिवू शकेल असा विश्वासाचा माणूस हवा. भाऊ, मेहुणा, पुतण्या. आजही कुटुंबाच्या फर्ममध्ये एक जण निविदा आणि मंत्रालय बघतो, एक साइट बघतो आणि एक बँक. चेकवर सही मात्र थोरल्याची.

वालचंद या चौकटीत फार काळ मावले नाहीत. १९२० मध्ये टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. पुढे तिचं नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झालं. तानसा तलावाचं पाणी मुंबईत आणणाऱ्या जलवाहिन्या, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी कामं त्यांनी मिळवली. २७ जानेवारी १९२६ रोजी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एचसीसी, स्थापन झाली. कंत्राटातून आलेला पैसा आणि पत त्यांनी दुसरीकडे वळवली: १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनमध्ये भागीदारी, मग साखर, १९४० मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. चरित्रं लिहिली जातात ती जहाज, विमान आणि मोटारीवर. मला विचाराल तर या सगळ्यासाठी अंगावर जोखीम घ्यायची जी सवय हवी, ती बोगद्याच्या कामांत लागली. खडक किती कठीण निघेल हे आधी माहीत नसताना दर भरायचा आणि तो निभवायचा, यापेक्षा धाडसाची शिकवणी दुसरी नाही.

१९५३ मध्ये वालचंद गेले. कारभार भावांकडे आणि पुतण्यांकडे आला, पुढे समूहाच्या शाखा वेगळ्या झाल्या. एचसीसीची सूत्रं १९८०च्या दशकात घरातल्याच अजित गुलाबचंद यांच्याकडे आली.

मधल्या काळात कंपनीनं देशाचा नकाशा बदलणारी कामं केली. कोयनेचं धरण, केरळातलं इडुक्कीचं कमानी धरण, बंगालमधला सव्वादोन किलोमीटर लांबीचा फराक्का बंधारा. ही सगळी साधी ‘बांधा आणि बिल घ्या’ प्रकारची कंत्राटं. बिलं उशिरा निघायची, वाद व्हायचे, पण नदीवरचा बंधारा कंत्राटदाराच्या मालकीचा नव्हता. नदीला पाणी किती येईल याची चिंता सरकारची.

मुंबईकरांना एचसीसी कळते ती वांद्रे-वरळी सागरी सेतूमुळे. ५.६ किलोमीटरचा हा पूल २००४ च्या आसपास व्हायचा होता. ३० जून २००९ रोजी त्याच्या चार मार्गिका खुल्या झाल्या आणि आठही मार्गिका मार्च २०१० मध्ये. मच्छीमारांचा विरोध, न्यायालयीन याचिका, आराखड्यातले बदल, अशी कारणं अनेक. पाच वर्षं उशीर झाला की समुद्रात उभ्या केलेल्या क्रेन आणि तराफे, साइटवरचे अभियंते, गॅरंटीचं कमिशन, कर्जाचं व्याज, हे सगळं चालूच राहतं. मग कंत्राटदार जादा खर्चाचा दावा लावतो, सरकार म्हणतं उशीर तुमचा. इथून पुढे प्रकरण इंजिनिअरांच्या हातून वकिलांच्या हाती जातं.

कंत्राटात वाद मिटवायची पद्धत लिहिलेली असते. आधी कार्यकारी अभियंता, मग अधीक्षक अभियंता आणि तिथेही मिटलं नाही तर लवाद. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला खासगी न्यायाधीश, बहुधा निवृत्त अभियंता किंवा निवृत्त न्यायमूर्ती, कधी तिघांचं मंडळ. त्यानं दिलेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता यावा, ही १९९६ च्या लवाद कायद्यामागची कल्पना. कोर्टात वीस वर्षं घालवण्यापेक्षा दोन वर्षांत निकाल.

कल्पना छान होती, पण कलम ३४ खाली निवाड्याला कोर्टात आव्हान देता येतं, आणि आव्हान दिलं की वसुली आपोआप थांबायची. न्यायाधीशानं अर्ज वाचायचीही गरज नाही, अर्ज दाखल झाला की स्थगिती. सरकारी खात्यातला अधिकारी मग काय करेल? निवाडा मान्य करून पैसे दिले तर उद्या लेखापरीक्षणात प्रश्न, चौकशी, कदाचित पेन्शन अडकेल. आव्हान दिलं तर त्याला कुणी विचारणार नाही. म्हणून चांगला, वाईट, कसाही निवाडा आला की आव्हान ठरलेलं. अधिकाऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याच्या खुर्चीत बसून मीही सहीच केली असती.

यात कंत्राटदाराचं काय होतं, ते आकड्यांत बघू. एक कोटी रुपये सात वर्षं अडकले. लवादानं वर्षाला १२ टक्के सरळ व्याज मंजूर केलं, तर त्याला मिळतील १ कोटी ८४ लाख. पण तेच एक कोटी त्यानं बँकेकडून घेतलेत, आणि बँक महिन्याला एक टक्का व्याजावर व्याज लावते. सात वर्षांत बँकेचं देणं होतं २ कोटी ३० लाखांच्या पुढे. खटला जिंकूनही ४६ लाखांचा खड्डा, वकिलांची फी वेगळी. अशी चाळीस-पन्नास प्रकरणं असलेली कंपनी कागदावर श्रीमंत दिसते आणि पगाराच्या तारखेला तिच्याकडे रोकड नसते.

२०१५ साली कायदा बदलला. २३ ऑक्टोबर २०१५ पासून नुसत्या आव्हानानं स्थगिती मिळेनाशी झाली. ती वेगळी मागायची आणि कोर्ट म्हणेल तर पैसे भरायचे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं की सरकारी संस्थांनी निवाड्यांना आव्हान दिलं असेल, तरी ७५ टक्के रक्कम बँक गॅरंटीच्या बदल्यात कंत्राटदाराला द्यावी. पुन्हा गॅरंटी, म्हणजे पुन्हा तारण, पण निदान रोकड हलली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवा नियम कोर्टात पडून असलेल्या जुन्या आव्हानांनाही लागू केला. आणि २०१९ मध्ये संसदेनं कलम ८७ घालून हे उलटवलं: जुन्या लवादांना जुनाच नियम.

या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली ती एचसीसी. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठानं कलम ८७ मनमानी ठरवून रद्द केलं. त्या याचिकेत आणखी एक मुद्दा होता, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. तेव्हाच्या दिवाळखोरी कायद्यानुसार एक लाख रुपये थकले तरी सिमेंटवाला किंवा सळईवाला कंत्राटदार कंपनीला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर, म्हणजे एनसीएलटीत, खेचू शकत होता. कंत्राटदाराचे शेकडो कोटी ज्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे थकलेत, त्याला मात्र तो खेचू शकत नव्हता, कारण प्राधिकरण ही कायद्यानं निर्माण केलेली सरकारी संस्था, कंपनी नव्हे. खालून ओढणारे हात मोकळे आणि वरचे हात बांधलेले. हा मुद्दा न्यायालयानं मान्य केला नाही.

इथवर वाचून कंत्राटदार बिचारा आणि सरकार खलनायक असं चित्र झालं असेल, तर ते अर्धंच आहे. एचसीसीवर कर्जाचा डोंगर झाला तो फक्त थकलेल्या बिलांनी नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात बँका पायाभूत प्रकल्पांना सढळ हातानं कर्ज देत होत्या आणि कंत्राटदारांना मालक व्हायची हौस आली. रस्ता स्वतःच्या कर्जानं बांधायचा आणि टोल वसूल करून फेडायचा, हा प्रकार कंत्राटाहून पूर्ण वेगळा. आता वाहनं किती धावतील याची जोखीमही आपली. ज्या फराक्क्याला एचसीसीनं सरकारसाठी बंधारा बांधला, त्याच फराक्क्याच्या महामार्गाचे तुकडे पुढे तिनं असे स्वतःच्या अंगावर घेतले. जमीन ताब्यात यायला उशीर, बांधकाम लांबलं, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून.

आणि लवासा. वरसगावच्या पाण्याकाठी डोंगरात आख्खं शहर वसवायचं स्वप्न. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवण्याची नोटीस दिली. वर्षभरानं सशर्त परवानगी मिळाली, पण विकले जाणारे बंगले आणि येणारा पैसा यांची साखळी तुटली ती तुटलीच. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एचसीसीच्या या उपकंपनीच्या कर्जाला मूळ कंपनीनं हमी दिलेली होती. शहराचं नियोजन बरोबर की चूक हा वाद इथे नको. धंद्याच्या अंगानं पाहिलं तर बिल काढून गावी जाणाऱ्या कंत्राटदारानं जमिनीत पैसा पुरला, आणि जमीन एम.बी.त चढत नाही.

एचसीसी यात एकटी नव्हती. गॅमन इंडिया आणि हैदराबादची आयव्हीआरसीएल याच काळात कर्जात बुडाल्या. एचसीसी तगली, पण त्याची किंमत मोजून. २०१२ पासून एकामागून एक कर्ज पुनर्रचना, बंगालमधले रस्ते विकणं, आणि २०२२ मध्ये कर्जाचा एक मोठा हिस्सा आणि कोर्टात अडकलेले निवाडे-दावे एकत्र बांधून वेगळ्या कंपनीत टाकणं. साध्या शब्दांत, बँकांना सांगितलं: हे आमचं देणं आणि हे आमचं येणं, दोन्ही एका गाठोड्यात, येणं वसूल झालं की तुमचं फिटेल. वेळोवेळी नवे शेअर काढून भांडवल आणलं, त्यात कुटुंबाचा वाटा आक्रसत गेला. बँकेला दिलेलं तारण एकदा शेअरच्या रूपात असलं, की उशिरा आलेलं प्रत्येक बिल घराण्याच्या मालकीचा थोडा थोडा तुकडा कापतं.

सरकारनं २०२३ मध्ये कंत्राटी वाद मिटवायला ‘विवाद से विश्वास’ योजना आणली. कोर्टानं शिक्कामोर्तब केलेल्या रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत आणि लवादाच्या निवाड्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम घ्या, बाकी सोडा, विषय संपवा. शंभर रुपये जिंकलेल्या माणसाला पासष्ट घे म्हणायचं आणि त्यानं ते आनंदानं घ्यायचे, यावरून रोकड किती महाग आहे ते समजतं.

जून २०२४ मध्ये वारं पुन्हा फिरलं. अर्थ मंत्रालयानं खात्यांना कळवलं की मोठ्या कंत्राटांत लवादाचं कलम सर्रास घालू नका. लवाद साधारण दहा कोटींच्या आतल्या वादांपुरता ठेवा, त्यावरच्यांसाठी मध्यस्थी करा, नाहीतर दिवाणी कोर्ट आहेच. सरकारचं म्हणणं, लवाद ना स्वस्त राहिला ना जलद, आणि त्यात तथ्यही आहे. सरकारी बी-वन फॉर्मवर छोटी कामं घेणाऱ्या तालुक्यातल्या कंत्राटदाराला याचा फरक पडणार नाही, त्याचे वाद दहा कोटींपर्यंत जातच नाहीत. पाचशे कोटींचा पूल घेणाऱ्यानं मात्र दर भरताना दिवाणी दाव्याची वर्षं मोजून तेवढं व्याज आधीच दरात धरलेलं बरं. तसं धरलं की तो बिलो जाणार नाही, आणि काम ज्यानं हे व्याज धरलेलं नाही त्याला मिळेल.